विमानाचा ‘सेल्फ’

आपल्याकडे गॅरेजमध्ये गेलात तर एक शब्द हटकून कानावर पडतो. ‘सेल्फ उचलत नाही साहेब’, ‘जरा सेल्फ मारा’, ‘सेल्फ काढून बघावा लागेल’. हा ‘सेल्फ’ म्हणजे ‘सेल्फ स्टार्टर’. इंग्रजांनी त्यातला पहिला शब्द टाकला आणि नुसता ‘स्टार्टर’ ठेवला. आपल्या मिस्त्रींनी दुसरा टाकला आणि पहिला ठेवला. मला विचाराल तर आपल्या मिस्त्रींची निवड जास्त शहाणपणाची आहे. कारण या यंत्राची खरी नवलाई ‘सुरू होणं’ ही नव्हतीच. गाडी त्याआधीही सुरू होत होती. नवलाई होती ती ‘आपली आपण’ सुरू होण्यात.

ज्यांनी जुने ट्रक आणि जुन्या मोटारी पाहिल्या आहेत त्यांना ते लोखंडी हँडल आठवत असेल. गाडीच्या तोंडाशी उभं राहायचं, हँडल आत घालायचं आणि सगळा जोर लावून फिरवायचं. इंजिन उलटं फिरलं तर हँडल उलटा तडाखा देई आणि मनगट मोडे. मोटारीच्या बाबतीत हे. आता कल्पना करा, हँडलच्या जागी माणसाच्या उंचीएवढा पंखा आहे आणि इंजिन सुरू होताच तो पंखा तुमच्या छातीपासून हातभर अंतरावर मिनिटाला शेकडो फेरे घेऊ लागणार आहे. विमान सुरू करण्याची रीत कित्येक वर्षं ही अशी होती.

गोष्ट सुरू होते ती थेट पहिल्या उड्डाणापासून. १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेत किटी हॉकजवळच्या वाळूवर राइट बंधूंचं विमान उडालं, बारा सेकंद आणि १२० फूट. त्या विमानात बारा अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन होतं, पण ते सुरू करणारं कुठलंही यंत्र विमानात नव्हतं. दोन माणसं दोन पंखे हातांनी ओढत. ठिणगीसाठी लागणारी कोरडी बॅटरी आणि कॉइल एका पेटीत घालून विमानाशेजारी जमिनीवर ठेवलेली असे. इंजिनानं सूर धरला की तारा सोडवायच्या आणि पेटी बाजूला न्यायची. पुढची ठिणगी इंजिनावर चालणारा मॅग्नेटो देई. कारण साधं होतं. उडताना ज्याचा उपयोग नाही असा एक किलोही त्यांना वर न्यायचा नव्हता. विमान सुरू करणारी वीज विमानाबरोबर वर न्यायची की जमिनीवर सोडायची, हा प्रश्न त्या पहिल्या दिवशीच उभा राहिला. घरी विमान बांधणारा माणूस तो प्रश्न आजही स्वतःला विचारतो.

पुढची काही दशकं लहान विमानांसाठी उत्तर एकच राहिलं, हात. दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्या फ्लाइंग क्लबांतून टायगर मॉथ विमानांवर शिकलेल्या पिढीला हा विधी तोंडपाठ होता. पंख्यापाशी उभा असलेला माणूस ओरडून विचारणार, ‘स्विच ऑफ?’ आत बसलेला उत्तर देणार, ‘स्विच ऑफ!’ मग पंखा हळूहळू फिरवून इंजिनात पेट्रोल ओढून घ्यायचं. मग ‘कॉन्टॅक्ट!’ ही आरोळी. आतून तोच शब्द परत आला की बोटं पात्याभोवती न गुंडाळता नुसत्या पंजांनी ओढ द्यायची आणि त्याच झोक्यात मागे सरकायचं. पाऊल घसरलं, सदऱ्याची बाही लोंबत असली, वाळूत पाय रुतला, तर क्षमा नव्हती.

शब्द उलटून विचारण्याची ही सक्ती उगीच नव्हती. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, पंखा फिरला की तो स्वतःच वीज निर्माण करतो. तो बंद करायचा म्हणजे एका तारेनं त्याची वीज विमानाच्या धातूला, म्हणजे ‘अर्थ’ला, जोडून टाकायची. घरातल्या दिव्याची तार तुटली तर दिवा बंद होतो. मॅग्नेटोची ही तार तुटली तर उलट होतं, तो चालू राहतो. स्विच ‘बंद’ दाखवतो आणि इंजिन पेटायला तयार असतं. म्हणून जाणती माणसं विमानाचा पंखा नेहमी ‘जिवंत’ समजतात, स्विच काहीही सांगो. दुसरा धोका होता एकट्या वैमानिकाचा. आत कुणी नाही, थ्रॉटल थोडा जास्त उघडा राहिलेला, चाकांना अडसर नाही. अशी विमानं मालकाला मागे टाकून मैदानभर धावल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

आता आपण पुन्हा राइट बंधूंच्या गावी जाऊ. ओहायो राज्यातलं हे डेटन. त्याच गावात नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत चार्ल्स केटरिंग नावाचा तरुण अभियंता १९०४ साली कामाला लागला. दुकानातल्या गल्ल्याचं यंत्र तेव्हा हातानं चालवावं लागे. त्याला केटरिंगनं एक छोटी विजेची मोटर बसवली. हे करताना एक साधी गोष्ट त्यानं हेरली. गल्ल्याची मोटर दिवसभर चालत नाही. तिला क्षणभर जोर लावायचा असतो आणि मग विश्रांती. सतत चालवली तर जळून जाईल एवढी वीज तिला क्षणभर दिली तर ती मुकाट्यानं सोसते, आणि त्या क्षणात आपल्या आकाराच्या मानानं फार मोठा जोर देते.

त्याच सुमारास कॅडिलॅक मोटारींचे हेन्री लेलँड अस्वस्थ होते. त्यांचे स्नेही आणि मोटार बनवणारे बायरन कार्टर १९०८ साली वारले. बंद पडलेली गाडी सुरू करून देताना हँडलचा तडाखा जबड्यावर बसला आणि त्या दुखण्यातून ते उठले नाहीत, असं सांगतात. तपशील वेगवेगळे सांगितले जातात, पण हँडलचा बंदोबस्त केला पाहिजे हे लेलँडच्या मनानं घेतलं, एवढं खरं. काम केटरिंगकडे आलं. इंजिन फिरवायला इंजिनाएवढीच मोठी मोटर लागेल, असं जाणकार म्हणत होते. केटरिंगपाशी गल्ल्याचा अनुभव होता. १९११ साली त्याचा स्टार्टर चालू लागला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्या तो घेऊनच बाजारात आल्या. पुढे व्हिन्सेंट बेंडिक्स या अभियंत्यानं स्टार्टरचं दातेरी चाक इंजिनाच्या चाकात आपोआप गुंतवण्याची आणि सोडवण्याची युक्ती काढली. आपल्याकडचे मिस्त्री ‘बेंडिक्स गेलं’ म्हणतात तेव्हा ते याच माणसाचं नाव घेत असतात.

मोटारीचं काम झालं. विमानाचं का झालं नाही? पुन्हा वजन. स्टार्टर, बॅटरी आणि बोटभर जाड तांब्याच्या तारा हे ओझं त्या काळच्या विमानांना परवडणारं नव्हतं. शिवाय विमानांची इंजिनं भराभर मोठी होत गेली. मग नाना तऱ्हा निघाल्या. ब्रिटिश वैमानिक बेंटफिल्ड हक्स यांनी फोर्ड मोटारीच्या सांगाड्यावर एक लांब दांडा बसवला. ती गाडी विमानासमोर आणायची, दांडा पंख्याच्या मध्यावरच्या खोबणीत अडकवायचा आणि मोटारीच्या इंजिनानं विमानाचं इंजिन फिरवायचं. हक्स पहिलं महायुद्ध संपायच्या काही दिवस आधी न्यूमोनियानं गेले, पण त्यांची गाडी पुढे कितीतरी वर्षं विमानतळांवर राबत होती. मग आलं जड चाक. हँडलनं हळूहळू वेग देऊन ते चाक गरगर फिरवायचं आणि त्यात साठलेली गती एकदम इंजिनाला जोडायची. १९३० च्या दशकात काडतुसांचा स्टार्टर आला. बंदुकीसारखं कोरं काडतूस उडवायचं आणि त्याच्या वायूनं इंजिनाला धक्का द्यायचा. ‘फ्लाइट ऑफ द फिनिक्स’ हा १९६५ चा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना आठवेल. वाळवंटात कोसळलेल्या विमानाच्या तुकड्यांतून नवं विमान बांधलेलं, आणि हातात मोजकी काडतुसं उरलेली. एकेक काडतूस फुकट जाताना प्रेक्षकाचा जीव वरखाली होतो.

विजेचा स्टार्टर विमानात स्थिरावला तो हळूहळू. पण स्टार्टर म्हणजे नुसती मोटर नव्हे. तिला वीज पोचवायची कशी, हा तेवढाच मोठा प्रश्न आहे. आपल्या घरात गिझरच्या जाड पिनेच्या सॉकेटमधून फार तर सोळा अँपिअर वीज वाहते. लहान विमानाचा बारा व्होल्टचा स्टार्टर इंजिन फिरवताना दोनशे अँपिअरच्या घरात वीज ओढतो. एवढी वीज वैमानिकाच्या बोटाखालच्या बटणातून नेली तर बटण वितळेल. आणि ती जाड तार बॅटरीपासून कॉकपिटपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत फिरवत न्यायची तर वजन वाढेल आणि वाटेत वीजही वाया जाईल.

याचं उत्तर विमानाच्या जन्माआधीच सापडलेलं होतं. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या महाविद्यालयात जोसेफ हेन्री हे पदार्थविज्ञान शिकवत. १८३५ च्या सुमारास त्यांनी विद्यार्थ्यांना एक प्रयोग दाखवला. लांबच्या तारेतून आलेल्या क्षीण विजेनं एक छोटा लोहचुंबक जागा करायचा आणि त्या चुंबकाच्या हालचालीनं दुसरा, जोरदार विजेचा मार्ग उघडायचा किंवा मिटायचा. याच तत्त्वावर पुढे तारायंत्राचे संदेश शेकडो मैल गेले. अशा साधनाला नाव मिळालं ‘रिले’. हा शब्द मूळचा घोड्यांचा. लांबच्या प्रवासात टप्प्यावर थकलेला घोडा सोडून ताज्या दमाचा घोडा जोडायचा, त्याला रिले म्हणत. संदेश तोच, घोडा नवा. विमानातही तेच होतं. बटणातून जाणारी तीन-चार अँपिअरची वीज फक्त निरोप नेते. निरोप मिळताच बॅटरीजवळ बसलेल्या रिलेमधला चुंबक तांब्याचे दोन जाड संपर्क एकमेकांवर दाबतो आणि दोनशे अँपिअरची वीज धावू लागते. आपले मिस्त्री याला ‘सोलेनॉइड’ म्हणतात.

हेन्रींचं आणखी एक देणं या गोष्टीत दडलेलं आहे. १८३२ साली त्यांनी लिहून ठेवलं की, लांब तारेतून वाहणारी वीज एकदम तोडली तर तोडल्या जागी झगझगीत ठिणगी पडते. गुंडाळलेल्या तारेत ही ठिणगी आणखी जोरकस होते. चुंबकात साठलेली शक्ती बाहेर पडायला वाट शोधत असते. या गुणधर्माच्या मापाला १८९३ साली ‘हेन्री’ हे नाव मिळालं. आता विमानात पाहा. वैमानिक बटण सोडतो, रिलेच्या गुंडाळीतली वीज तुटते आणि नेमकी हीच ठिणगी बटणाच्या संपर्कांवर पडते. रोज थोडी थोडी. काही महिन्यांनी बटण कुरतडलं जातं. म्हणून रिलेच्या गुंडाळीला समांतर असा काही रुपयांचा एक डायोड जोडतात, म्हणजे त्या शक्तीला फिरून विरून जायला वाट मिळते. तो उलटा जोडला तर बटण दाबताच शॉर्टसर्किट.

हे सगळं मोठ्या कारखान्यातल्या विमानात असतं तेव्हा त्याची काळजी कारखाना करतो. पण विमानांच्या इतिहासात एक हौशी धारा पहिल्यापासून आहे. राइट बंधू स्वतः सायकलचे दुकानदार होते. १९५३ च्या जानेवारीत अमेरिकेत मिलवॉकी इथं पॉल पोबरेझ्नी यांनी घरी विमान बांधणाऱ्यांची एक संघटना सुरू केली, एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन. सुरुवातीला तीनेक डझन माणसं होती. १९७० पासून त्यांचा मेळावा ऑशकॉशला भरतो आणि हजारो विमानं तिथं उतरतात. गॅरेजात, गोठ्यात, दिवाणखान्यात बांधलेली. या लोकांपुढे राइट बंधूंचाच प्रश्न होता. स्टार्टर न्यायचा की जमिनीवर सोडायचा?

बर्ट रुटान या अभियंत्यानं १९७५ साली ‘व्हॅरीईझ’ आणि १९७९ साली ‘लाँगईझ’ ही घरी बांधायची विमानं आणली. फोम आणि फायबरग्लासची, पंखा मागे. वजन इतकं तोलून धरलेलं की अनेकांनी स्टार्टर बसवलाच नाही. विमान जमिनीवर नाक टेकवून उभं करायचं आणि मागून पंखा हातानं ओढायचा. ज्यांनी स्टार्टर बसवायचं ठरवलं त्यांना मात्र एक नवाच धडा मिळाला. ॲल्युमिनियमच्या विमानात बॅटरीकडे परतणारी वीज विमानाच्या अंगातूनच जाऊ शकते. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. म्हणजे जाणारी जशी जाड तार, तशीच येणारीही जाड तार हवी.

इथं चूक झाली तर काय होतं? इंजिन रबराच्या गाद्यांवर बसवलेलं असतं, कारण ते थरथरतं. रबरातूनही वीज वाहत नाही. म्हणून इंजिनापासून परतीच्या मार्गापर्यंत तांब्याची विणलेली पट्टी जोडावी लागते. ती विसरली किंवा सैल राहिली तर दोनशे अँपिअर वीज थांबत नाही, ती दुसरी वाट शोधते. इंजिनाला धातूनं जोडलेलं आणखी काय असतं? थ्रॉटलची केबल, इंधनाची धातूची नळी. ज्या तारेनं वैमानिक इंजिनाचा वेग सांभाळतो ती तार तापून लाल होते.

हिशेब शाळेतला आहे. एखाद्या जोडात ओहमचा शंभरावा भाग एवढाच अडथळा धरा. दोनशे अँपिअरला त्या जोडावर दोन व्होल्ट खर्च होतात, बारातले दोन. आणि त्या एका नटाखाली चारशे वॉट उष्णता तयार होते. म्हणून घरी विमान बांधणारा माणूस तारेच्या टोकाला टोपी दाबून बसवताना दहादा पाहतो. बॅटरी शेपटाकडे आणि इंजिन नाकाकडे असेल तर करंगळीएवढी जाड तार घेतो आणि तिचं वजन सोसतो. बॅटरीच्या अगदी शेजारी तो एक मुख्य रिले बसवतो, म्हणजे संकटात एका स्विचनं सगळ्या विमानाची वीज उगमापाशीच तोडता यावी.

आणखी एक छोटा दिवा तो पॅनेलवर लावतो. बॅटरी मलूल असेल तर रिलेचा चुंबक संपर्क घट्ट धरू शकत नाही. संपर्क थरथरतात, ठिणग्या उडतात, तांबं वितळतं आणि कधी कधी दोन्ही संपर्क चक्क एकमेकांना चिकटून बसतात, वेल्डिंग केल्यासारखे. मग बटण सोडलं तरी स्टार्टर सुटत नाही. इंजिनाच्या आवाजात वैमानिकाला ते ऐकू येत नाही. दिवा पेटलेला राहिला तरच कळतं. म्हणजे पंख्याजवळ उभ्या माणसाची ‘स्विच ऑफ?’ ही आरोळी आता त्या दिव्याकडे आली, एवढंच. विचारणारा बदलला, प्रश्न तोच आहे.

या सगळ्याची परीक्षा पाहणारा एक प्रसंग सांगतो. याच रुटानच्या आराखड्यावर कॅलिफोर्नियातल्या मोहावी इथं काही मोजक्या माणसांनी ‘व्हॉयेजर’ हे विमान बांधलं. १४ डिसेंबर १९८६ रोजी बर्टचा भाऊ डिक रुटान आणि जीना येगर ते घेऊन निघाले. कुठंही न उतरता आणि हवेत इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा करायची होती. विमानाला दोन इंजिनं होती, एक पुढे, एक मागे. इंधन वाचवायला पुढचं इंजिन बहुतेक प्रवासात बंद ठेवलं होतं. नवव्या दिवशी, मेक्सिकोच्या किनाऱ्यालगत, घर काही तासांवर आलेलं असताना इंधनाच्या पंपात बिघाड झाला आणि मागचं इंजिन बंद पडलं. टाकीत पेट्रोल होतं, पण ते इंजिनापर्यंत पोचत नव्हतं. अंधारात ते विमान इंजिनाविना हजारो फूट खाली येत गेलं. तिथं बाहेर उतरून कुणी पंखा फिरवणार नव्हतं. कित्येक दिवस थंड पडलेलं पुढचं इंजिन कॉकपिटमध्ये बसूनच सुरू करायचं होतं. ते सुरू झालं. २३ डिसेंबरला, नऊ दिवस आणि तीन मिनिटांनी, व्हॉयेजर जिथून निघालं त्याच तळावर उतरलं. तीन हजार किलोंहून जास्त इंधन घेऊन निघालेल्या विमानात जेमतेम पन्नासेक किलो उरलं होतं. एवढं काटेकोर वजन मोजणाऱ्या माणसांनीही इंजिन पुन्हा सुरू करायची सोय खाली ठेवली नव्हती.

हे वेड फक्त परदेशातलं आहे असं समजू नका. मुंबईत कांदिवलीला वैमानिक अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. २०१७ साली त्याची नोंदणी झाली. पुढे धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची चाचणी उड्डाणं झाली. गच्चीवर जिन्यानं एकेक भाग चढवणाऱ्या माणसाला वजनाचा हिशेब वेगळा शिकवावा लागत नाही.

उद्या सकाळी तुम्ही गाडीला किल्ली लावाल किंवा स्कूटरचं बटण दाबाल तेव्हा जरा कान देऊन ऐका. इंजिनाच्या आवाजाआधी एक बारीक ‘टक्’ ऐकू येईल. तो रिले. कधी नुसतंच ‘टक्-टक्-टक्’ वाजतं आणि गाडी उचलत नाही. तेव्हा बटण दाबत राहू नका. बॅटरी मलूल आहे किंवा कुठला तरी नट सैल आहे, आणि संपर्क जळताहेत. गाडी रस्त्याकडेला थांबते, आपण चरफडत मिस्त्रीला फोन करतो. गॅरेजात विमान बांधणारा माणूस तोच नट रात्री बॅटरी लावून पुन्हा एकदा आवळून पाहतो, आणि मगच झोपायला जातो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)